ताशा मीच वाजवायला लावला

मैत्रिणींनो, मागच्या वर्षी धाकट्या भाऊजींनी आमची घोडी लांबच्या शर्यतीला मागून नेली आणि कायमची लंगडी करून आणली. वर म्हणाले, "वहिनी, जनावरच आहे."

आज सिन्नरच्या तशाच लांबच्या शर्यतीत त्यांचा स्वतःचा घोडा पहिला आला. पण नंतर डॉक्टर तपासतात. हृदयाचे ठोके ठरल्या वेळेत खाली उतरले नाहीत तर घोडा बाद.

मिरवणुकीसाठी भाऊजींनीच ताशेवाले आणले होते. तपासणीआधीच मी ताशेवाल्यांना म्हटलं, "घोड्याजवळ जाऊन जोरात वाजवा."

ठोके उतरलेच नाहीत. घोडा बाद झाला.

"यांना आत्ताच वाजवायला कोणी सांगितलं?"

"मी. कौतुक नको का, भाऊजी?"

देवाला स्मरून घोड्याला गूळ चारला, त्याची माफी मागितली. भाऊजींची मागणार नाही. तुम्ही मागितली असती?