माळावरचा बेवारस टँकर

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं, आणि मग त्या बाईंचा निडर चेहरा समोर येतो.

सोलापूरजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या हद्दीत वन्यजीवांसाठी राखलेला गवताळ माळ होता. काळवीट, लांडगे, खोकड तिथे असत. त्या वर्षी माळाचा कारभार जुन्या कचेरीकडून काढून नव्या मंडळाकडे सोपवायचं ठरलं. जुन्या कचेरीचा निधी लगेच थांबला, मंडळाचा अजून सुरू व्हायचा होता. कागदावर माळाला दोन मालक होते. भर उन्हाळ्यात प्रत्यक्षात एकही नव्हता.

अशात मंडळाचे तरुण अधिकारी तावातावाने ठाण्यात आले. "साहेब, आमचा पाण्याचा टँकर चोरीला गेलाय!" आम्ही गुन्हा नोंदवला आणि हवालदारांना तपासाला लावलं.

चोर वाहन लपवतो, रंग बदलतो. आमचा चोर वेगळाच निघाला. दुसऱ्याच दिवशी हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा फोन आला. "साहेब, तुमचा टँकर समद्यांदेखत माळावर चाललाय. हवा बी माज्याकडंच भरली की!"

पंच घेऊन आम्ही माळावर पोहोचलो. ट्रॅक्टरला जोडलेला टँकर, नळी पाणवठ्यात, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या एक धनगर बाई. पंचनामा करून टँकर ठाण्यात आणला. बाईंना जबाबासाठी बोलावलं.

चौकशीची मी जय्यत तयारी केली होती. महिला शिपाई शेजारी बसवली, भुवया चढवल्या, आवाज खाली आणला. "आक्का, टँकर कुणी नेला?"

"मी न्हेला की."

संपली चौकशी! भुवया खाली आणायलाही मला जरा वेळ लागला.

"का नेला?"

"मग काय करू? पाणवटं कोरडं ठाक पडलं. हरणं पाण्यापायी गावाकडं आली, त्यांच्या मागनं लांडगं. लांडग्याला पळत्या हरणापरास माजं कोकरू लई सोपं. आमच्यात ज्याच्या मेंढरांच्या वाड्याजवळ पाणवटा, त्यानंच त्यो भरायचा असतोय. ट्रॅक्टर माजा, पाणी माज्या बोअरचं. त्यांचा निस्ता डबा, त्यो बी गंजत पडल्याला."

"पण विचारायचं होतं."

"इचारलं की! जुनं सायेब म्हनले, तिकडं जा. नवं सायेब म्हनले, अजून आमच्या ताब्यात न्हाय. आता ज्याच्या ताब्यातच न्हाय, त्याचं चोरलं कसं, तुमीच सांगा!"

महिला शिपायाने तोंड भिंतीकडे फिरवलं. बाई मात्र हसत नव्हत्या. "टँकर तुमी हितं आनून उभा केलाय. सांजच्याला लांडगा वाड्यात शिरला, तर त्याचा बी पंचनामा कराल काय?"

धागा मला तिथे सापडला. दोन्ही कचेऱ्यांच्या साहेबांना बोलावणं धाडलं. दोघेही तातडीने आले, कारण टँकर दोघांनाही हवा होता. डिझेल आणि पाणवठे कुणालाच नको होते.

मी जबाबाचा कागद पुढे सरकवला. "टँकर ज्याचा असेल त्यांनी लिहावं, हा आमचा आहे आणि त्याने पाणवठे भरायची जबाबदारीही आमचीच आहे."

जुन्या साहेबांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "तसं पाहता, हस्तांतर झालेलंच आहे."

तरुण अधिकारी अडकले. नाही म्हणावं तर स्वतःचीच फिर्याद खोटी ठरणार. त्यांनी सही केली.

"उत्तम! मग आजचं पाणी?" मी विचारलं.

बाकावर बसलेल्या बाईंकडे एकदा बघून त्यांनी फोन लावला. त्यांचा टँकर मुद्देमाल म्हणून ठाण्यात अडकलेला, तेव्हा संध्याकाळच्या आत भाड्याच्या टँकरने पाणवठे भरले. बाईंचा हेतू अप्रामाणिक नव्हता, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि प्रकरण मिटलं. पुढे त्याच जबाबाची प्रत जोडून मंडळाने डिझेलची तरतूद करून घेतली. देखरेख समितीत मेंढपाळांना एक जागा मिळाली. तिथे कोण बसलं हे सांगायला नकोच.

त्या दिवशी ठाण्यातून निघताना बाई दारात थांबल्या होत्या. "सायेब, आदी चोर घावला, मग मालक. उलटंच हाय की तुमचं सरकार!"

तेव्हापासून सरकारी मालाच्या चोरीची तक्रार आली की मी दोन प्रश्न विचारायचो. वस्तू कुणाची? आणि तिचं काम कोण करत होतं? पहिल्याचं उत्तर फटकन यायचं. दुसऱ्याला बहुतेक तक्रारदार प्यायला पाणी मागायचे.