दाराशी उतरलेली चांदणी

नगरच्या स्टेशनवर आईने माझ्या हातात दोन वस्तू दिल्या: बाबांचं बायबल आणि करंज्यांचं पितळी कातणं. बँकेने बदली तंजावूरला केली होती, बाबांना जाऊन चार महिने झाले होते, आणि मी, बत्तीस वर्षांचा बाप्या, खिडकीचे गज धरून असा रडत होतो की समोरच्या प्रवाशाने मला केळं देऊ केलं. आई म्हणाली, "बाबा देवापाशी आहेत, आणि देव तिथंही आहे. त्याला तमीळ येतं. तू तुझं बघ."

मंडळी, देवाला येत असेल. मला आलं नाही. सुरुवातीला मी बोटांनीच बोलायचो. चहावाल्याला एक बोट दाखवलं की एक चहा. एकदा कुणाला तरी ओळखून पंजा वर केला, तर पाच कप आले. पाचही प्यालो.

खोली राजवाड्यामागच्या गल्लीत होती. घरमालकीण सुंदरीबाई, शाळेत गणित शिकवणाऱ्या, तंजावूरच्या मराठा राजांच्या काळात इथे आलेल्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी म्हणजे जुनी बखर तमीळ चालीत म्हटलेली. माझं मराठी मात्र त्या ढ मुलाच्या वहीसारखं तपासायच्या.

डिसेंबर आला आणि मी खचलो. नगरला नाताळ म्हणजे घरोघरी फराळ, पेटी-तबल्यावर भजनं, आणि स्टुलावर चढून दारावर कागदी चांदणी लावणारे बाबा. इथे चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसून निमूट परत यायचो. शेवटी परत बदलीचा अर्ज लिहिला आणि बायबलात ठेवला. नाताळ झाला की पाठवायचा. रडायचंच तर आपल्या माणसांत रडू.

तोवर निदान करंज्या तरी होऊ देत, म्हणून चोवीस तारखेला दुपारी दुकानात गेलो. पांढऱ्या पिठाच्या पुड्यांचा ढीग लागला होता. पुड्यावरचं तमीळ वाचता येईना. एवढं खपतंय म्हणजे मैदाच, असं ठरवून दोन किलो आणलं. तूप घातलं, दूध घातलं, गोळा काही होईना. शेवटी परातीवर हात ठेवून चक्क प्रार्थना केली. तेवढ्यात सुंदरीबाई दारात आल्या.

"अय्यो! हें काय चाल्लंय?"

"करंज्या, बाई. उद्या नाताळ."

त्यांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळलं. "हें दगडाचं पीठ, हो! मार्गळी महिना लागला, अम्ही पहाटे दारांत कोलम घाल्तों तें. नगरचे लोक रांगोळी तळून खातात काय?"

त्या उंबऱ्यावर बसून हसत सुटल्या. मीही हसलो, बाबा गेल्यावर पहिल्यांदा. आणि हसता हसता रडलो. बाबा, चांदणी, अर्ज, सगळं सांगून टाकलं. त्या उठल्या. घरातून मैदा आणला आणि हात पुढे केला, "तें कातणं द्या अत्तां." संध्याकाळपर्यंत साठ करंज्या झाल्या. त्यांतल्या वाकड्या माझ्या.

इथली नाताळची उपासना पहाटे असते. साडेचारला दार उघडलं आणि पाय उचललेला तसाच राहिला. उंबऱ्यापुढे पाच टोकांची भली मोठी चांदणी. सुंदरीबाई पाठ सरळ करत उभ्या होत्या. "तुमचंच पीठ. पुड्यांत उरलेलं वाया कशाला घालायचं?"

बाबा चांदणी उंच लावायचे. ही खाली, माझ्या पायांशी येऊन थांबली होती. देव खाली आला, माणसांत राहिला, हे मी लहानपणापासून पाठ म्हणत आलो. कळलं त्या दिवशी. चर्चमध्ये उपदेशातला एकच शब्द मला समजला: इम्मानुएल. आम्हांबरोबर देव. बाबा दर नाताळला हे मोठ्याने वाचायचे. त्या पहाटे मी पहिल्यांदाच पुढच्या बाकावर जाऊन बसलो.

अर्ज अजून बायबलात आहे, मत्तयाच्या पहिल्या अध्यायात, त्याच इम्मानुएलच्या ओळीपाशी, खूण म्हणून. आठ नाताळ झाले. तमीळ यथातथाच. पण कॅरोलवाली मंडळी दर वर्षी येतात, माझ्या करंज्यांना सोमासी म्हणतात आणि डबा रिकामा करून जातात. घर कुठलं असं कुणी विचारलं तर पूर्वी मी नगर म्हणायचो. आता वाटतं, माझ्याआधी देव जिथे पोचलेला असतो, ते माझं घर. नगरला तो होताच, इथेही निघाला.

दर नाताळला आईचा व्हिडिओ कॉल येतो. "चांदणी लावलीस का रे? दाखव."

मी फोन जमिनीकडे वळवतो.

"अरे, वर दाखव, वर!"

"आई, नीट बघ. खालीच आलीय."