निवडून लिहिलेलं बीपी

"मॅडम, बाकीचे आकडे कुठं गेले?" नांदेडच्या दवाखान्यात किडनीच्या डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं. त्यांच्या एका हातात माझी बीपीची वही होती, दुसऱ्या हातात माझंच बीपीचं मशीन.

टेबलावर रिपोर्ट होता. क्रिएटिनिन वाढलेलं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनीचं गाळणं कमी पडलं की तो रक्तात साठत जातो. माझ्या किडन्यांचं काम निम्म्यावर आलं होतं. वहीत मात्र बीपी शहाण्या मुलासारखं वागून राहिलं होतं.

मी भोकरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, निवृत्तीनंतर आम्ही नांदेडला आलो. आकड्यांची लबाडी दिसली की माझं डोकं फिरतं. तरी मी काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्ही तसं करणार नाही.

लातूरला माझे धाकटे दीर राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पावसाचा आलेख टाकला. मराठवाड्यात पाऊस वाढतोय, हवामान बदल म्हणजे सगळं थोतांड, असं खाली लिहिलेलं. बघते तर रेघ बरोबर दुष्काळाच्या वर्षापासून सुरू केलेली. तळातून निघालेली रेघ वर नाही जाणार तर काय करणार? मी विचारलं, भाऊजी, आधीची वर्षं कुठं गेली?

मग उन्हाळ्याचा आलेख आला. त्यात उभ्या पट्टीवर शून्यापासून शंभरापर्यंत आकडे धरलेले, म्हणजे वाढलेलं तापमान सपाट दिसावं. मी सगळ्या वर्षांचे आकडे शोधायचे, आलेख वहीत काढायचे, फोटो टाकायचे. ते हसरी तोंडं पाठवायचे. दीड वर्ष हेच. आमचे हे म्हणायचे, जाऊ दे ना. मी कशाची जाऊ देते!

त्याच दीड वर्षात मला बीपीची गोळी सुरू होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ मोजा, येईल ते लिहा. ग्रुपवर भांडून उठलं की वरचा आकडा १७० यायचा. मी म्हणायचे, हे काही खरं बीपी नाही, आत्ता डोकं तापलंय. जरा पडायचं, परत मोजायचं, परत मोजायचं. १३० आलं की ते वहीत. एकही आकडा मनाचा लिहिला नाही. सगळे मशीनचेच, फक्त निवडलेले.

मग सकाळी पापण्या सुजायला लागल्या. चपलेचा पट्टा पायात रुतायचा. लघवीला फेस यायचा. मी म्हटलं, उन्हाचं असेल. ह्यांनी ऐकलं नाही, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पहिल्या दिवशी रक्त आणि लघवी, दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी. बाकावर नंबर येईपर्यंत दुपार व्हायची. लघवीतून प्रोटीन जात होतं, म्हणजे गाळणी फाटायला लागली होती.

वही इतकी चांगली आणि किडनी अशी, हे डॉक्टरांना पटेना. मशीन बिघडलंय का बघू, घेऊन या म्हणाले. तिसऱ्या दिवशी नेलं. त्यांनी एक बटण दाबलं. १७४, १६८, १३१. १७०, १६६, १२९. मशीन मागचं सगळं साठवून ठेवतं, हे मला माहीतच नव्हतं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "या वहीवर भरवसा ठेवून तुमच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही, आणि चढलेलं बीपी किडनीला खात राहिलं. किडनी पहिल्यासारखी होणार नाही. आहे तिथं थांबवायचा प्रयत्न करू."

बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. भीती होतीच, पण लाज त्याहून जास्त वाटली.

चार दिवसांनी मी दोन आलेख काढले, एक वहीचा, एक मशीनचा. ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, पहिला मी डॉक्टरांना दाखवत होते. भाऊजींच्या हसऱ्या तोंडांची वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले, लातूरहून एसटीनं. चहा झाला. मग म्हणाले, "वहिनी, शुगर तपासायच्या आधी दोन दिवस मी भात, गोड सगळं बंद करतो. दर बारीला रिपोर्ट चांगला येतो. डॉक्टरला काय म्हाईत?"

मी त्यांना एचबीएवनसी करायला लावली. ही तपासणी मागच्या तीन महिन्यांची साखर सांगते, दोन दिवसांच्या पथ्याला फसत नाही. आकडा वाईट आला. पण किडनीही तपासली, ती शाबूत निघाली. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आलात. ते ऐकून मला जे बरं वाटलं, ते माझ्या कुठल्याच रिपोर्टनं वाटलं नव्हतं.

पावसावरून आमचं अजून जुळत नाही. पण हल्ली ते आलेख टाकायच्या आधी मला फोन करून विचारतात, कुठल्या वर्षापासून धरू?

माझं क्रिएटिनिन दोन तपासण्या झाल्या, आहे तिथंच आहे. मीठ कमी, नवी गोळी, रोज मोजणं. ह्यांचे आणि त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

आज सकाळी १५२ आलं. परत मोजायला हात शिवशिवले. दंडाचा पट्टा काढला, १५२ लिहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला.