नाखव्याची नळी

चौल नाक्यावरून रेवदंड्याकडे निघालं की डाव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते. तिथे पहिल्यांदा गाडी घेऊन जाणाऱ्याला जे दिसायचं, ते बघून तो गाडी उलटी फिरवायचा विचार करी. बॉनेट उघडं, इंजिन चालू आणि पिकल्या मिशांचा, आडव्या हाडाचा एक माणूस कंबरेपर्यंत आत वाकून एका रबरी नळीला तोंड लावून उभा. डोळे मिटलेले. शहाळ्याचा शेवटचा घोट ओढणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते तशी तल्लीनता. तो नाखवा.

नाखवा म्हणजे होडीचा धनी. ह्याची स्वतःची होडी कधीच नव्हती. गाड्यांकडे वळण्याआधी तो रेवदंड्याच्या बंदरावर मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं बघायचा, आणि समुद्रात इंजिन रुसलं की सगळी बोट त्याच्या तोंडाकडे बघायची. "होरी तेंची, पन घरी आननारा मी. मंग नाखवा कोन?" हा सवाल तो कुणालाही करी आणि उत्तरासाठी थांबत नसे. विनय हा प्रकार त्याच्या शेडमध्ये ठेवायला जागाच नव्हती.

मी किहीमचा. मांडव्याच्या जेटीवरून पाहुणे उचलायचे आणि मुरुडपर्यंत फिरवून आणायचे, हा माझा धंदा. पाहुण्यांनी जंजिऱ्याचा इतिहास विचारला तर मी जोरात सांगतो आणि बहुतेक चुकीचा सांगतो. गाडीच्या बाबतीतही माझं ज्ञान त्याच जातीचं. एकदा पनवेलहून पाहुणे घेऊन येताना कार्ले खिंडीत माझ्या गाडीने मान टाकली. काळा धूर एवढा की मागच्या एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून हात जोडत होता. "गाडीला जरा विश्रांती देऊ," असं मी साळसूदपणे म्हणालो आणि पाहुण्यांना चढ पायी चढायला लावला. वर, हा आमच्याकडचा निसर्गभ्रमणाचा कार्यक्रम आहे, असंही सांगितलं. त्यातल्या एका आजीबाईंनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर मी फिल्टर बदलला, नोझल तपासून घेतले, कुणी टर्बोचं नाव काढलं तेव्हा तोही उघडायला निघालो. शेवटी नाखव्याकडे गेलो. त्याने इंजिन चालू ठेवायला सांगितलं, एका बारीक नळीचं टोक उपटलं आणि तोंडात घेऊन ओढलं. मग ओढलेलं तसंच धरून राहिला. इंजिन आपल्या तालात चालत राहिलं. नाखव्याने जीभ दाखवली. टोकाला चिकटून तिच्यावर गोल वळ उठला होता.

"जीब चिकटली, म्हंजे परदा फाटलेला न्हाय. पन इंजान अरखललं न्हाय, वर काला धूर. म्हंजे झरप उघरीच अरकलेय. सवताचा धूर खाऊन खाऊन गुदमरलेय तुजी गारी, पायलट."

पायलट हे माझं नाव त्याने तिथेच ठेवलं. विमान उडवण्याशी त्याचा संबंध नव्हता. माझं चालवणं जमिनीवरचं वाटत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मग त्याने मला ईजीआर समजावला. इंजिनाच्या धुराड्यातून बाहेर पडणारा थोडा धूर परत आत सोडायचा, म्हणजे आतली आग जरा नरम जळते. त्यासाठी मध्ये एक झडप, तिच्या डोक्यावर एक रबरी पडदा. नळीतून ओढ बसली की ती उघडणार, ओढ सुटली की मिटणार. काजळी साठून ती उघडी अडकली की इंजिनाला हवेच्या जागी धूरच मिळतो. त्याने झडप खोलून माझ्या हातावर ठेवली. चुलीवरच्या जुन्या तव्याची पाठ बरी, इतकं काळं खरपुडं. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून, दात घासायच्या ब्रशने खरवडून, नवं पॅकिंग घालून त्याने ती बसवली. मग पुन्हा नळी ओढली. झडप उघडून धूर आत शिरला तसं इंजिन लगेच अडखळलं, थरथरलं, बंद पडतं की काय असं वाटलं. त्याने जीभ सोडवली तसं पुन्हा सुरळीत झालं.

"अरखललं का, तवाच बरं समजायचं," तो म्हणाला.

एवढं बघून गप्प बसलो असतो तर मी पायलट कसला? पुढच्याच मोसमात मुरुडच्या रस्त्यावर गाडी जरा धुरायला लागल्यावर मी पाहुण्यांसमोर ऐटीत बॉनेट उघडलं, नळी उपटली आणि दम लावून ओढली. ती डिझेलच्या परतीची नळी निघाली. दिवसभर ढेकर डिझेलचे. नाखव्याला सांगितलं तर तो गंभीरपणे दोन पावलं मागे सरला आणि आपल्या मुलीला म्हणाला, "सुरेखा, पायलट हाय तवर गॅस पेटवू नको."

सुरेखा त्याची एकुलती मुलगी. आयटीआय करून बापाच्याच शेडमध्ये कामाला लागलेली, बापासारखीच आडव्या हाडाची आणि त्याच्याहून कमी बोलणारी.

शेडच्या मागच्या भिंतीला एक तार बांधलेली होती आणि तिच्यात पत्र्याच्या छोट्या पट्ट्या ओवलेल्या होत्या, वाळत घातलेल्या बोंबलांसारख्या. बरेच गॅरेजवाले ईजीआर साफ करायच्या फंदात पडत नाहीत. धुराच्या वाटेत पट्टी घालून वाट बंद करतात. गाडी चांगली ओढते, गिऱ्हाईक खूश. नाखव्याकडे अशी गाडी आली की तो आधी पट्टी काढायचा, तारेत ओवायचा, आणि मग गिऱ्हाइकाशी भांडायचा. एक पट्टी माझीही आहे. पनवेलच्या एका दोस्ताने फुकट बसवून दिली होती आणि मी तिची तारीफ करायला म्हणून मुद्दाम नाखव्याकडे गेलो होतो.

"नाकात कापसाचा बोला घालून निजतोस का रं तू?" त्याने विचारलं.

"अहो, पण काळा धूर गेला ना!"

"काला धूर दिसतो तरी. मानूस तोंड फिरवतो. दुसरा दिसत न्हाय, तोच छातीत जातो. तुज्या गारीनं आपला धूर थोरा खाल्ला त रस्त्यावरची बाय तेवरा कमी खाईल."

तेव्हा मला ते भाषण वाटलं. गाडी धुवायला नेली की मी तिथल्या पोरांना त्याची नक्कलही करून दाखवायचो.

त्याचा खोकला आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा होता. शेडमध्ये आहे की नाही हे रस्त्यावरूनच कळायचं. विडी त्याने आयुष्यात ओढली नाही. पण बोटीच्या पोटात, इंजिनाशेजारी, हातभर जागेत त्याची जवानी गेली होती, आणि पावसाळ्यात शेडची दारं लावून गाड्या चालू ठेवायची सवय पुढे कायम राहिली. कुणी डॉक्टरचं नाव काढलं की म्हणे, "थोरी काजली हाय. ओव्याचा वाफारा घेतो, साफ होईल." दुनियेच्या झडपा खोलून बघणाऱ्या माणसाने स्वतःला मात्र न खोलताच साफ करायचं ठरवलं होतं.

एका दिवाळीनंतर गेलो तर नाखव्याच्या हातात पिस्तुलासारखा एक हातपंप. त्याला काटा असलेलं घड्याळ. नळीला लावायचा, मूठ दाबायची, ओढ किती बसली ते काटा दाखवतो. असले पंप विकायला आलेल्या माणसाला त्याने पूर्वी माझ्यासमोर हाकलून दिलं होतं, "देवानं तोंड दिलंय, तेला घरयाल कशाला?" असं म्हणून. मला हे आठवलं आणि मी शेडभर ऐकू जाईल असं ओरडलो, "काय नाखवा, दात पडले का हो?"

सुरेखा पान्हा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. नाखव्याने मूठ दाबली, काट्याकडे बघितलं आणि थांबत थांबत म्हणाला, "दात हायेत. वढ... न्हाय ऱ्हायली."

मी बरीच बडबड करून जन्म काढला आहे, पण त्या दिवशी घरी जाईपर्यंत गाडीतला रेडिओसुद्धा लावला नाही.

डॉक्टरांनी त्याला शेड बंद सांगितली. धुराच्या जवळ जायचं नाही. नाखव्याने त्यातूनही वाट काढली: रस्त्याकडेच्या बदामाखाली खुर्ची टाकून तो बसू लागला. आत सुरेखा, बाहेर हा. त्या खुर्चीवरून उठावं लागलं तर आपण संपलो, असं त्याने मनाशी धरलेलं आम्हाला दिसत होतं. म्हणून गाड्या आवाज ऐकू येईल इतक्या जवळ पण धूर पोचणार नाही इतक्या लांब उभ्या करायच्या, हे आम्ही ड्रायव्हरांनी न बोलता ठरवून टाकलं. वारा बदलला की गाडी फिरवायची. समुद्राकाठी वारा फार बदलतो.

एकदा माझ्या गाडीसाठी सुरेखा पंप घेऊन यायला निघाली तर त्याने हाताने तिला थांबवलं. "पायलट, तू वढ. मी ऐकतो."

"मी? नाखवा, मी डिझेल पिणारा माणूस."

"नली दाखव आधी." मी नळी उचलून दाखवली. "व्हय. तीच. वढ."

रबराच्या टोकाला त्याच्या दातांच्या खुणा होत्या, इतक्या वर्षांच्या. मी त्याच खुणांवर दात ठेवून ओढलं. जीभ चिकटली. इंजिन अडखळलं. बदामाखाली तो डोळे मिटून बसला होता. "धर," तो हात वर करून म्हणाला. मी धरलं. "धर अजून." माझ्या कानात घंटा वाजायला लागल्या. मग त्याने हात खाली केला. हे तो दिवसभर, गाडीमागून गाडी करायचा.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याला पनवेलच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. रुग्णवाहिका नको म्हणाला, पायलटची गाडी सांगा. मागच्या सीटवर तो, बाजूला ऑक्सिजनचं नळकांडं, त्याचा मुखवटा तोंडावर धरून सुरेखा. मी त्या दिवशी गाडी अशी चालवली की माझ्या बायकोचा विश्वास बसणार नाही. कार्ले खिंड आली. मी खालचा गिअर टाकायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून त्याने माझ्या खांद्याला बोट लावलं. मी हात मागे घेतला. गाडी त्याच गिअरमध्ये, न कुरकुरता, चढत गेली. आरशात बघितलं, त्याने मुखवटा बाजूला केला होता.

"वढते," तो म्हणाला.

"बाबा, बोलू नको," सुरेखा म्हणाली.

परतीला तो माझ्या गाडीत नव्हता.

वर्ष उलटलं. माझ्या गाडीच्या मीटरवर पिवळा दिवा लागला, चढावर इंजिन खडखडू लागलं. मी शेडमध्ये गेलो. बदामाखालची खुर्ची अजून तिथेच आहे. कुणी बसत नाही. सुरेखाने नळीला पंप लावला, मूठ दाबली. काटा चढला आणि लगेच खाली आला. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. मी आपलं पांडित्य सांगायला तोंड उघडलं, "परदा फाटला असणार!"

तिने मान हलवली आणि नळीचं टोक उजेडात धरून वाकवलं. दातांच्या खुणांमधून रबर तडकलं होतं. त्या भेगांतून हवा शिरत होती. ओढ झडपेपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून झडप उघडत नव्हती.

तिने कात्री घेतली.

"राहू दे ना," मी म्हणालो. "दुसरं काहीतरी कर. वरून टेप लाव."

"काका, टेप लावली असती तर बाबानं दोघांना हाकललं असतं."

तिने बोटाच्या पेराएवढं टोक कापलं. नवी कडा पंपाला लावली, मूठ दाबली. काटा चढला आणि जागेवर राहिला. इंजिन अडखळलं, थरथरलं, आता बंद पडणार असं वाटलं. तिने डोळे मिटले होते. काट्याकडे ती बघतच नव्हती.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

तिने ओढ सोडली, इंजिन पुन्हा तालात आलं. तो कापलेला तुकडा मागायला मी हात पुढे केला, पण तिने तो आधीच खिशात टाकला होता.