निगेटिव्हचा कोरा तुकडा

मी चौथी शिकलेली, तेव्हा वाकडं अक्षर आणि चुका सांभाळून घ्या.

यांच्या मोटारसायकलच्या पुढच्या शॉकपमधून, म्हणजे चाकाचे दणके झेलणाऱ्या नळ्यांतून, तेल गळायचं, चाक आपटायचं आणि मुरबाडला न्यायचं दूध सांडायचं. रतीब तुटायला आले होते. एकदा धसईकडचा एक चिखलाने माखलेला मोटारसायकलवाला दारात पाणी प्यायला थांबला. हे तिथंच गाडी पुसत होते. तेल बघून तो म्हणाला, “तेल अडवणारा रबरी सील फाटला नाय, त्यात माती अडकलीय. फोटोची निगेटिव्ह हाय का, वयनी?”

आमच्या लग्नाचीच होती. देताना माझा हात आखडला.

“माणसं नाय कापत,” तो हसला. टोकाचा कोरा तुकडा कापून त्याने सीलच्या कडेखाली हळूच फिरवला. काळी माती बाहेर आली. मी बघतच राहिले.

“आता शॉकपच्या दांडीला कापडाची बाही शिवा. आत माती जायची नाय.”

मग शॉकप दाबून त्याने दांडीवर बोट फिरवलं. कोरडं बोट यांना नाही, मला दाखवलं.