नाचणारी पिल्लं

आता काय सांगू, चहा बाजूला ठेवा आधी, सांडेल! स्वतःच्या मूर्खपणाचा व्हिडिओ काढून कोणी स्वतःच लेकीला पाठवतं का? मी पाठवला!

खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालो, रामदासपेठेत फ्लॅट घेतला आणि वर्षभरात बायको गेली. घरात आवाज उरला तो फ्रिजचा. लेक पुण्याला. तिनं हवेचा पंप लावलेल्या काचेच्या टाकीत गप्पी मासे आणून दिले. म्हणाली, "बाबा, यांच्याशी बोलत जा." नावच गप्पी, मग काय!

महिन्याभरात नऊ पिल्लं झाली. जिऱ्याएवढी, नुसते डोळे! संध्याकाळी डास येतात म्हणून मी खिडक्या लावायचो, खोलीभर फवारा मारायचो आणि टाकीजवळ खुर्ची ओढून बसायचो. बॉयलरच्या गोष्टी, साहेबाच्या, बायकोच्या. आणि खोटं नाही सांगत, मी बोलायला लागलो की पिल्लं गरागरा फिरायची, वर येऊन तोंडं उघडायची! एखादं कमी दिसायचं. मोठ्यांनी गिळलं असेल, म्हणायचो.

लेकीला व्हिडिओ पाठवला, "पाहय वं, माह्या गोष्टी ऐकून नाचून राहिले!"

 मग हा नाच दाखवायला वरच्या मजल्यावरच्या मेश्रामबाईंना बोलावलं. त्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतात. दारातच थांबल्या.

"भाऊ, वास कायचा येऊन राहिला?"

"डासाच्या फवाऱ्याचा. काहून?"

"अहो, तो पंप हीच हवा पाण्यात सोडून राहिला! नाचत नाही ते, तडफडून राहिले! मोठे कसेबसे सोसतात, पिल्लांले झेपत नाही."

 बाईंनी खिडक्या उघडल्या, पंप बंद केला, वरून साठवलेल्या पाण्याची बादली आणली. चहाच्या गाळणीनं एकेक पिल्लू उचललं.  चार वाचली.

आठवड्यानं पिल्लं टाकीत परत सोडली आणि मी पुन्हा खुर्ची ओढली. बोललो, खोकलो, गाणंसुद्धा म्हटलं! पिल्लं शेवाळामागे गुपचूप. एकानंही तोंड वर काढलं नाही.

घाबरून बाईंना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं.

"ठणठणीत आहेत, भाऊ. काही झालं नाही त्यांले."

म्हणजे बघा! उभ्या जन्मात इतकं मन लावून मला कोणी ऐकलं, तर ते विषबाधा झालेल्यांनी!