प्रेमिलाबाईंचा दुतोंड्या

सक्करदऱ्याला आम्ही राहायला गेलो तेव्हा मी नवी नवरी होते, आणि शेजारी साप पाळतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी लग्नच मोडलं असतं. आज मात्र एकाहत्तर सालच्या त्या खोल्या आठवल्या की सगळ्यांत आधी तो सापच आठवतो, आणि जीव हळवा होतो.

पाळणारे चंपतराव. लकडगंजला लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला. ओंडक्यांतून साप निघाला की बाकीचे काठ्या घेऊन धावायचे, हे पिशवी घेऊन. आधी त्यांनी धामण आणली. ती दिवसभर डब्यात डोकं आपटायची, आणि संधी मिळताच त्यांच्या अंगठ्याला चावली. विष नव्हतं, पण त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी, घर डोक्यावर घेतलं. "आनायचाच असन तं गरीब आना जी! पळनार नाही, चावनार नाही असा!"

मग आला दुतोंड्या, म्हणजे मांडूळ. शेपूट तोंडासारखंच बोथट, म्हणून हे नाव, तोंड एकच. उचलला तर हातात निवांत पडून राहायचा. त्याच्यासाठी रांजण, त्यात कन्हान नदीची कोरडी वाळू, वर जड जाळी, पाण्याची उथळ वाटी. आठवड्या-पंधरवड्यानं एक उंदीर. खाल्ल्यावर हात लावायचा नाही, कात टाकताना तर नाहीच. थंडीत रांजणाला गोणपाट. चंपतरावांचे नियम माझ्या सासूबाईंपेक्षा कडक होते.

प्रेमिलाबाई आधी लांबूनच बघायच्या. मग नवरा कामावर गेला की वाळू त्याच चाळू लागल्या. दुपारी मी डोकावले तर त्या रांजणाशी बसून सापाला मौद्याच्या गोष्टी सांगत असायच्या. मौदा त्यांचं माहेर, पण नावालाच. आईवडील गेलेले, भाऊ नाही, शेत दुसऱ्याचं झालेलं. श्रावणात आम्ही बाया माहेरी निघालो की त्या आम्हाला एसटीपर्यंत पोचवायच्या आणि एकट्या परत जायच्या. मला फार वाईट वाटायचं.

नागपंचमीला बहिणी भावासाठी उपास धरतात. त्या वर्षी प्रेमिलाबाईंनीही धरला, दुतोंड्याला भाऊ मानून. चंपतराव बाहेर पडताच त्यांनी दुतोंड्याला हळदकुंकू लावलं आणि वाटीतलं पाणी फेकून दूध ओतलं. तो ढुंकूनही बघेना. "रुसून राहिला वं मीरा," असं मला म्हणत त्यांनी चमच्यानं त्याच्या तोंडात दूध घातलं. दूध देऊ नको, असं नवऱ्यानं बजावलं होतं. पण सणाच्या दिवशी भावाला उपाशी ठेवायला त्यांचं मन होईना.

दुसऱ्या दिवशी तो तोंड उघडं टाकून पडला होता. प्रेमिलाबाई भिंतीला टेकून रडत बसल्या. आता चंपतराव काय करतात म्हणून मीच घाबरले. पण ते रागावले नाहीत. ओल्या फडक्यानं त्यांनी सापाचं तोंड पुसलं, वाळू बदलली, वाटीत पाणी ठेवलं. "रडू नको वं," एवढंच म्हणाले, "रायते का जाते, पाहू."

तो खाईना, तशा प्रेमिलाबाईही धड जेवेनात. शेवटी पोळ्याच्या सुमारास त्यानं उंदीर धरला. प्रेमिलाबाई ओक्साबोक्शी रडल्या, आणि डोळे पुसून नवऱ्याला म्हणाल्या, "याले सोडून देऊ जी. मौद्याले."

"काहून? आता तं बरा झाला."

"भावाले कोनी रांजनात ठेवते का?"

चंपतरावांचा चेहरा उतरला. किती हौसेनं ठेवला होता त्यांनी! तरी पाऊस उघडल्यावर दोघं पिशवी सांभाळत एसटीत बसले. कंडक्टरला कळलं असतं तर वाटेतच उतरवलं असतं. एकेकाळी प्रेमिलाबाईंच्या वडिलांचं म्हणून जे शेत होतं, त्याच्या बांधावर त्यांनी दुतोंड्याला सोडलं.

पुढच्या श्रावणात आम्ही पिशव्या भरल्या, तेव्हा प्रेमिलाबाईंनीही भरली. मौद्याला जायचं, बांधावर बसून लाह्या ठेवायच्या, दोन घास खायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. असं कित्येक वर्षं चाललं. एकदा मी विचारलंच, "भेटला का बाई कधी तुमाले?"

त्या हसल्या. "नाही भेटला तं नाही. भाऊ का घरीच बसून रायते वं? गेला असन वावरात."